आरजीबीत सूर लागत नाही

घरी गाणी करायला संगणक घ्यायचा असं ठरलं की सगळ्यात आधी ठरते ती काच. प्रोसेसर नव्हे, रॅम नव्हे, माइक तर नव्हेच नव्हे. कॅबिनेटची एक बाजू काचेची हवी, आत सहा-सात पंखे हवेत आणि प्रत्येक पंख्याला रंग बदलणारे दिवे हवेत. जांभळा, मग निळा, मग हिरवा, मग परत जांभळा. याला आरजीबी म्हणतात. गणपतीची आरास निदान दहा दिवसांनी उतरते. ही वर्षभर लागलेली असते, आणि हिच्यापुढे म्हणायच्या आरतीला चाल मात्र अजून लागलेली नसते.

सगळा दोष पोरांचा नाही. बाजारच गेमिंगचा आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा (कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलंत तर रॅम मिळणार नाही) किंवा पुण्यात बुधवार पेठेत, काउंटरवरचा संवाद ठरलेला असतो.

“काम काय करणार, साहेब?”

“म्युझिक.”

“ऐकायचं?”

“नाही, करायचं.”

“मग हाय-एंड लागेल.”

गाणं कसलं, वाद्यं किती, घरात कोणी गाणार आहे का, यातलं काही न विचारता हाय-एंड. पोरगं खूश, कारण ते मनातून हेच ऐकायला आलेलं असतं. बाप गप्प, कारण ‘म्युझिक’ म्हटल्यावर त्यांना हार्मोनियमचा भाव तेवढा माहीत असतो. मग कोटेशन येतं. त्यात एका ओळीत अख्ख्या संगणकाच्या निम्मी-अर्धी रक्कम बसलेली असते. ती ओळ म्हणजे ग्राफिक कार्ड.

आता गाणं करायच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर असतं काय? आडव्या पट्ट्या, वरखाली होणारे हिरवे-पिवळे दांडे आणि डावीकडून उजवीकडे सरकणारी एक उभी रेघ. एवढं चित्र प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक झोपेत काढतं. पण इथेही मेख आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो त्याच्या पोटातलं हे ग्राफिक बंद केलेलं असतं. तो थोडा स्वस्त मिळतो, दुकानदार मोठ्या मनाने तोच लावून देतो, आणि मग कार्ड घेण्यावाचून गत्यंतर नसतं. थोडे वाचवले, भरपूर गेले. शिवाय कार्डाचे पंखे, कार्डाची उष्णता आणि कार्डाचा ड्रायव्हर. हा ड्रायव्हर अधूनमधून प्रोसेसरला आपल्या कामाला जुंपतो आणि नेमकी तेव्हा आलापात ‘टक्’ अशी ठिणगी पडते. वायफायचा ड्रायव्हरही याच जातीचा. लेटन्सीमॉन नावाचं साधं सॉफ्टवेअर या चोराचं नाव सांगतं, फुकटात. गाण्याचे व्हिडिओही स्वतःच कापणार असाल तर बेतशीर कार्ड घ्या, माझी हरकत नाही. पण मग ‘व्हिडिओसाठी घेतलं’ म्हणा, ‘म्युझिकसाठी’ म्हणू नका.

प्रोसेसरचीही तीच तऱ्हा. इथे कोअर मोजायची चढाओढ. माझे सोळा, तुझे चोवीस. गायिकेच्या एका ट्रॅकवर काय काय लावलेलं असतं ते बघा. आधी खरखर काढणारं प्लगइन, मग इक्यू, मग कॉम्प्रेसर, मग सूर सरळ करणारं (याबद्दल गायिकेसमोर बोलायचं नसतं), मग रिव्हर्ब. पहिल्याचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही. म्हणून ही माळ वाटून देता येत नाही, ती एकाच कोअरच्या गळ्यात पडते. सगळे ट्रॅक शेवटी ज्या मास्टरमधून बाहेर पडतात तिथेही तेच. बाकीचे पंधरा कोअर तंबाखू मळत बसतात, एकाचा जीव जातो, आणि आपल्याला ऐकू येतं ते चर्र, फट्. तेव्हा कोअर किती यापेक्षा एकटा कोअर किती जोरात धावतो ते बघा. दमदार आठ कोअर घरच्या कामाला पुरून उरतात. ट्रॅक शंभरावर गेले तर जास्त कोअर उपयोगी पडतात हे खरं; पण एका भावगीताला शंभर ट्रॅक लागत असतील तर दुखणं प्रोसेसरचं नाही.

खरी गंमत उशिराची आहे, आणि ती कोणत्याही कोटेशनमध्ये छापलेली नसते. संगणक आवाज सलग घेत नाही, मूठमूठ घेतो. या मुठीला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने येत असतील तर १२८ नमुन्यांची मूठ भरायला २.७ मिलिसेकंद लागतात आणि १०२४ नमुन्यांची भरायला २१. मूठ आत येताना एकदा भरते, बाहेर जाताना पुन्हा एकदा. म्हणजे १०२४ वर गायकाच्या हेडफोनमध्ये त्याचाच आवाज चाळीस मिलिसेकंदांहून उशिरा पोचतो. चाळीस मिलिसेकंद म्हणजे काही नाही असं ज्याला वाटतं त्याने तबलजीला विचारावं. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत, एका मात्रेत ‘तिरकिट’ची चार अक्षरं बसवली, तर एकेका अक्षराला ६२ मिलिसेकंद मिळतात. त्यातले चाळीस उशिरात गेले, म्हणजे ‘ति’ कानावर पडेपर्यंत बोटं ‘र’च्या दारात उभी. बिचारा सरळ वाजवत असतो आणि रेकॉर्डिंग करणारा पोरगा काचेच्या डब्यापलीकडून म्हणतो, “दादा, लय जरा हलतेय.”

हेच फुटात मोजता येतं. आवाज हवेतून मिलिसेकंदाला साधारण एक फूट जातो. बफर १२८ वर असला तर साथीला बसलेला माणूस पाच-सहा फुटांवर आहे. बैठकीत एवढं अंतर असतंच, कोणी तक्रार करत नाही. बफर १०२४ वर नेला की तो उठून पन्नास फूट मागे, खुर्च्यांच्या रांगेत जाऊन बसतो. तिथून ठेका धरून दाखवा.

यावरचा उपाय कॅबिनेटमध्ये नाही, बाहेर आहे. ऑडिओ इंटरफेस नावाचा वीतभर डबा: माइकची जाड वायर लावायला खोबण, कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट, गिटारचं इनपुट आणि कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर. विंडोजवर हा ड्रायव्हर एएसआयओ जातीचा लागतो. क्युबेसवाल्या स्टाइनबर्गने १९९७ साली ही पद्धत आणली ती एवढ्यासाठीच, की आवाज विंडोजच्या सरकारी खिडकीवर रांगेत न थांबता मागच्या दाराने थेट जावा. मॅकमध्ये ही सोय अंगचीच असते. बऱ्याच इंटरफेसवर एक बटण असतं, त्याने गायकाला त्याचा आवाज संगणकात न जाताच ऐकू येतो, उशीर जवळजवळ शून्य. इतक्या उपयोगी डब्याची कोटेशनमधली जागा शेवटची, आणि तिथे पोचेपर्यंत पैसे संपलेले. मग तो ‘पुढच्या महिन्यात’ घ्यायचा ठरतो आणि मदरबोर्डच्या कानाच्या भोकात मोबाइलचा हेडफोन घुसवून पहिलं गाणं रेकॉर्ड होतं. पंख्यांवरचे दिवे तेव्हा उत्तम चालू असतात.

रॅमचं थोडक्यात सांगतो. १६ जीबीत काम भागतं, ३२ मध्ये सुखाने होतं, ६४ लागते ती ज्यांना अख्खा वाद्यवृंद मांडायचाय त्यांना. एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन सारख्या घ्या, ये-जा दोन वाटांनी होते. ‘आत्ता कमी घेऊ, नंतर वाढवू’ हा जुना मध्यमवर्गीय बेत मात्र आता फसतो. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिप ओढून नेल्या आणि रॅमचे भाव भडकले. एआय आता गाणीही करतं, आणि ती करायला रॅमही आपलीच नेतं.

डिस्कच्या बाबतीत दुकानदार सेकंदाला सात हजार एमबी वाचणारी एसएसडी पुढे करतो. हिशेब करू. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ केबी खातो. शंभर ट्रॅक एकदम वाजवले तरी १४.४ एमबी. सात हजार कशाला? साधी एनव्हीएमई एसएसडी सिस्टीमला आणि दुसरी, जरा मोठी, वाद्यांच्या संग्रहांना, एवढं बास. संग्रहांना एसएसडी हवीच, कारण तिथे सॅम्पलर प्रत्येक स्वराची फक्त सुरुवात रॅममध्ये धरून ठेवतो आणि उरलेला स्वर आयत्या वेळी डिस्कवरून ओढतो. जुनी फिरती डिस्क तिथे धाप टाकते.

संग्रहांचा विषय निघाला म्हणून. ‘सैराट’साठी अजय-अतुल लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जाऊन खराखुरा सिंफनी वाद्यवृंद वाजवून घेऊन आले. तो वाद्यवृंद आता काहीशे जीबीत घरपोच मिळतो असं जाहिराती सांगतात, आणि मिळतोही बऱ्यापैकी. लंडनची व्हायोलिनं येतात, व्हिएन्नाचे हॉर्न येतात. हलगी येत नाही. संबळ येत नाही. ‘वर्ल्ड पर्कशन’च्या फोल्डरात एक तबला सापडतो, तो वाजवणाऱ्याला डग्गा कशासाठी असतो ते कोणी सांगितलेलं दिसत नाही. त्यामुळे करायचा असतो पोवाडा आणि होतं ते एखाद्या इंग्रजी युद्धपटाचं पार्श्वसंगीत, त्यावर ‘जी जी रं जी’.

आता शांतता. ही वस्तू दुकानात मिळत नाही, म्हणून तिची आठवण कोणाला होत नाही. काचेचं कॅबिनेट समोरूनही काचेने बंद असतं. म्हणून हवा कोंडते, म्हणून पंखे जोरात फिरतात, म्हणून माइकला ऐकू येतात, म्हणून घरघर काढणारं प्लगइन लावावं लागतं, म्हणून प्रोसेसर आणखी तापतो, म्हणून पंखे आणखी जोरात फिरतात. समोर जाळी असलेलं, दिसायला ओबडधोबड कॅबिनेट घ्या. त्यात १४० मिलिमीटरचे मोठे पंखे लावा. मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा ओढतो. प्रोसेसरवर कंपनीने फुकट दिलेला चिमुकला पंखा काढून जरा दांडगा कूलर बसवा. एसएमपीएस नावाजलेला आणि गरजेपेक्षा थोडा जास्त वॅटचा घ्या, म्हणजे त्याचा पंखा एरवी आळसावलेला राहील. आणि मग ते सगळं कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या लाकडी कप्प्यात कोंबू नका. मे महिन्यात अकोल्यात त्या कप्प्यात पापड वाळतील.

भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवायची साथ अजून ओसरलेली नाही. तो पातळ पुठ्ठा आहे. खोलीत घुमणारा खर्ज त्याला विचारतसुद्धा नाही. माइक ज्या बाजूला तोंड करून असतो ती बाजू, म्हणजे गाणाऱ्याची पाठ, तिथे आजीच्या दोन जाड गोधड्या दोरीवर टाका. घरात आहेत, धुतलेल्या आहेत, फुकट आहेत. बाकी कुकरची शिट्टी, पारवे आणि ‘जुनंऽऽ पुराणंऽऽ’ यांवर कुठल्याही कंपनीचा भाग निघालेला नाही. त्यांची वेळ सांभाळूनच गावं लागतं.

यापुढची पायरी भिंतीत आहे. सगळं जोडून झालं, माइक लावला, आवाज वाढवला की खालून एक अखंड ‘हंऽऽऽ’ येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. पेटीवर शोधायला गेलात तर हा सूर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधल्या फटीत सापडेल, म्हणजे कुठल्याच पट्टीत नाही. तुम्ही काळी एकमध्ये गा नाहीतर पांढरी चारमध्ये, घरचा हा तानपुरा जुळत नाही. कारण बहुतेक वेळा अर्थिंग. जुन्या इमारतींत प्लगला तिसरं भोक असतं, भोकामागे वायर नसते. ज्या लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की बोटांना मुंग्या येतात, त्याच्या चार्जरला तर तिसरी पिनच नसते. त्याला गिटार जोडली की गुणगुण सुरू आणि तारांना हात लावला की बंद. काही उत्साही मंडळी यावर तीन पिनांतली जाड पिन काढून टाकायचा उपाय सांगतात. गुणगुण जाते, कधी वाजवणाराही जाईल. हे करू नका. इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या, संगणक, इंटरफेस आणि स्पीकर एकाच बोर्डवर घ्या, स्पीकरला बॅलन्स्ड केबल वापरा. दीड लाखाच्या सेटअपमधला सगळ्यात स्वस्त सुधार हाच, आणि याचा फोटो काढून टाकता येत नाही म्हणून कोणी करत नाही.

सॉफ्टवेअरचं काय? सॉफ्टवेअर क्रॅक. यात आता लाजही उरलेली नाही. दिव्यांना वीस हजार दिले, सॉफ्टवेअर मित्राच्या पेनड्राइव्हमधून. सोबत एखादा व्हायरस येतो, प्रोजेक्ट उघडायला नकार देतो, आणि यजमान नशिबाला बोल लावतात. याच यजमानांचं गाणं उद्या डीजेने मिरवणुकीत न विचारता वाजवलं की त्यांना कॉपीराइट आठवणार आणि गाण्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएसचं सभासदत्व कसं घेतात याची चौकशी सुरू होणार. रीपर नावाचं सॉफ्टवेअर आहे, विनॅम्प करणाऱ्या माणसाचंच. साठ दिवस पूर्ण वापरून बघू देतं, मग घरगुती वापराचा परवाना साठ डॉलरला. मॅकवर गॅरेजबँड फुकट. क्रॅकची गरज गरिबीतून येते हे मला पटलं असतं, खोलीत तो जांभळा उजेड नसता तर.

मॅक की विंडोज, यावर दोन पंथ आहेत आणि ते एकमेकांच्या पंक्तीला बसत नाहीत. मॅक मिनी शांत असतो, उशिराची कटकट कमी, पण रॅम घेताना जी घेतली ती जन्माची. नंतर वाढवता येत नाही. असेंबल केलेल्या संगणकात भाग बदलता येतात, आणि येतात म्हणून सारखे बदलले जातात. स्वभाव ओळखून निवडा.

आणि शेवटची सबब, ‘पूर्ण सेटअप झाल्याशिवाय सुरुवात नको.’ नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण निदान अंगण असलेल्यांसाठी होती. १९८५ साली अटारी एसटी आला. आठ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, अर्धा एमबी मेमरी, आणि अंगातच मिडीच्या खोबणी. नव्वदच्या दशकात फॅटबॉय स्लिम या यंत्रावर काम करून इंग्लंडला नाचवत होता. त्याआधी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने ‘नेब्रास्का’ हा अल्बम घरच्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर उरकला. तो कच्चा खर्डा म्हणून केला होता. पुढे तोच छापला. रहमानने १९८९ मध्ये मद्रासला घराच्या परसात स्टुडिओ उभारला आणि १९९२ मध्ये तिथून ‘रोजा’ निघाला. बिली आयलिशचा २०१९ चा अल्बम भावाच्या झोपायच्या खोलीत झाला आणि त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळालं. त्या खोलीत पंखे किती रंगांचे होते, असं परीक्षकांनी विचारल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडे मात्र ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करायचा हट्ट, त्याने प्रोसेसरवर दुप्पट बोजा, आणि तयार गाणं जातं कुठे? व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर. तिथे ते चुरगळलं जातं आणि आत्या फोनच्या स्पीकरवर ऐकून ‘छान’चा अंगठा पाठवते.

तर माझं कोटेशन असं. पोटात ग्राफिक असलेला आठ कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम दोन पट्ट्यांत, दोन एसएसडी, जाळीचं कॅबिनेट, मोठे सावकाश पंखे, चांगला एसएमपीएस. ग्राफिक कार्डाचे पैसे वाचतील त्यात इंटरफेस, माइक, हेडफोन आणि इलेक्ट्रिशियन चौघंही बसतात. आणि दुकानदार ‘बिल हवं की बिलाशिवाय लावू?’ असं हळूच विचारेल, तेव्हा बिल मागा. १८ टक्के जीएसटी वाचवून कच्च्या चिठ्ठीवर घेतलेला मदरबोर्ड सहा महिन्यांनी गेला, तर ती चिठ्ठी वॉरंटीला चालत नाही.